हातावर तुरी

केंद्र सरकारने डाळींची निर्यात बंद केली ती जून २००६ मध्ये. त्याला आता वीस वर्षं होत आली. आमच्या तिवस्यात ही तारीख कुणाच्या लक्षात नाही. पण २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५५० रुपये हमीभाव असलेली तूर त्याहून कमी भावात विकून परत आलो, तेव्हा मला तीच आठवली.

आधीच्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. कपाशीच्या तासांमध्ये तुरीचं एखादं तास असायचं. घरच्या वरणापुरती ठेवून बाकीची अमरावती-अकोल्याला जायची. अकोल्याच्या मिला तिला तेल-पाणी देऊन, वाळवून तिची फटका डाळ करायच्या. परदेशी गेलेला मराठी माणूस वरण-भात सोडत नाही. म्हणजे गिऱ्हाईक घरचंच होतं. बंदीने तेही तोडलं आणि मुदत वाढत वाढत ती अकरा वर्षं टिकली. काबुली हरभऱ्याला सूट मिळाली, तुरीला नाही.

खरी जखम २०१५ नंतरची. त्या वर्षी शहरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, गोदामांवर छापे पडले. दोन वर्षं पावसाने दगा दिलेल्या आमच्या घरात तेव्हा विकायला तूर नव्हतीच. २०१६ मध्ये सरकारने मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार केला आणि आम्हाला तूर पेरा म्हणून सांगितलं. पाऊस बरा झाला, आम्ही पेरली, आणि ती विक्रमी पिकली.

मग २०१७. हमीभाव बोनससह ५,०५०, बाजारात चार हजारही मिळेनात. खरेदी केंद्रावर बारदाना नव्हता. टोकन घेऊन आम्ही ट्रॉलीखाली रात्री काढल्या. "पिकलं हेच चुकलं काय आपलं?" मोठा भाऊ म्हणाला. २२ एप्रिलला खरेदी थांबली, तेव्हा आमची ट्रॉली रांगेतच होती. पुढच्याच महिन्यात सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष तुरीवरून शेतकऱ्यांना जे अपशब्द बोलले, ते इकडे कुणी विसरलेलं नाही. निर्यातीचं दार उघडलं ते सप्टेंबरमध्ये. तोवर आमच्या घरातली तूर मिळेल त्या भावात गेली होती, आणि परदेशातल्या दुकानांनी अकरा वर्षांत आपली सोय दुसरीकडे लावून घेतली होती.

२०२१ मध्ये तुरीची आयात मोकळी झाली. २०२३ मध्ये साठ्यावर मर्यादाही आली. भाव चढला की व्यापाऱ्याला आवरायचं, आयात मात्र भाव पडला तरी चालूच. हातावर तुरी देणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आता भारतीय शाकाहारी जेवण जगभर पोचवण्याची भाषणं होतात. जरूर पोचवा. पण त्यासाठी मेळावे आणि अनुदानं नकोत. आयात-निर्यातीचा नियम पेरणीआधी जाहीर करा आणि पीक विकलं जाईस्तोवर तो बदलू नका. एवढं झालं तर गिऱ्हाईक आम्ही शोधू.