स्कॅन फुकट, वाचन विकत

सकाळी 6. चहाआधी फोन बघायचा नाही असं रोज ठरवतो आणि रोज बघतो. रात्रीतून कोतवाल बुकांच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर येऊन पडलेले असतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि सापडलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. कुणीही उतरवून घ्यावीत, पैसे नाहीत. पण अक्षर मोडी. मग पान माझ्याकडे येतं, आणि खर्च इथून सुरू होतो.

7 ते 10. डोळे ताजे असतात तोवर वाचून घेतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग खाली अक्षरं लावत जायची. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कोतवाल बुक, म्हणजे जुना गाव नमुना 14, हे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाआधीची. बापाचं नाव ‘रामा बिन गोविंदा’, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, पुढे ‘मुलगा’, जातीच्या रकान्यात कुणबीसाठी नुसतं ‘कु.’. आता रामाला तीन मुलगे असतील तर हा त्यातला कोणता? मग शाळेचं जनरल रजिस्टर काढा, जुने फेरफार काढा. रामा वारल्यावर वारसाची नोंद झाली असेल तर तिन्ही भाऊ एका ओळीत भेटतात, कधी आईही, ‘सखू कोम रामा’, म्हणजे रामाची बायको सखू, अशी. वंशावळीला याच्याइतका भरवशाचा कागद मी पाहिलेला नाही.

10.30. तहसील कचेरी, रेकॉर्ड रूम. संकेतस्थळावरची छापील प्रत जात पडताळणीला चालत नाही, प्रमाणित नक्कल लागते. माहिती अधिकारात अर्जाला 10 रुपये आणि पानाला 2 रुपये पडतात. तेवढे कुणालाही जड नाहीत. जड जातात ते हेलपाटे, बुडालेली मजुरी आणि आम्ही मोडी वाचणारे.

1 वाजता डबा.

2 ते 5. माणसं येतात. आज एक काका आले, पिशवीतून पान काढलं. “गुरुजी, एवढं वाचून द्या. काय होतील ते देतो.”

“काका, हे पान तुमच्या भावकीनं माझ्याकडून वाचून नेलंय.”

“आमची बोलाचाली न्हाई.”

पैसे न घेता उतारा दिला. पण घरोघरचं हेच आहे. एका पानावर गावातल्या कितीतरी घरांच्या नोंदी असतात. एक घर पैसे भरतं, आपल्यापुरता उतारा नेतं आणि कपाटात ठेवतं. शेजारच्या ओळीतलं घर तेच पान घेऊन दुसऱ्या जाणकाराकडे जातं. आम्हा वाचणाऱ्यांची त्यात सोय होते, हे मी नाकारत नाही. तरीही सार्वजनिक दप्तराचं एकच पान पुन्हा पुन्हा विकलं जावं, हे मला पटत नाही. वाचणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे; तो सरकारनं एकदा द्यावा आणि देवनागरी उतारा स्कॅनशेजारी लावावा.

6. इंग्लंडहून ईमेल. एका बाईंचे पणजोबा जीआयपी रेल्वेत होते, त्यांचा मुंबई इलाख्यातला बाप्तिस्मा हवा. मी फक्त वाट दाखवतो. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या स्वयंसेवकांनी अशा नोंदी उतरवून नावानिशी शोधता येतील अशा फुकट ठेवल्यात; मुंबई इलाख्याच्या मूळ चर्चनोंदींचे फोटो मात्र ‘फाइंडमायपास्ट’वर पैसे भरून बघायचे. इंग्लंड-वेल्सच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या सूचीचंही तसंच: ‘फ्रीबीएमडी’च्या स्वयंसेवकांनी 1998 पासून ती टाइप केली, शोध फुकट, दाखला विकत. म्हणजे तिकडे वाचन फुकट आणि मूळ कागदाला पैसे. आपल्याकडे नेमकं उलटं. गरिबाला कुठलं परवडेल ते सांगायला नको. नाव सापडलं तर माणूस एका दाखल्यापुरते पैसे कसेही उभे करतो. न वाचता येणाऱ्या शेकडो स्कॅनांत नाव शोधायला तो कुठून करणार?

रात्री 8. जेवण झाल्यावर दिवसभराचं वाचन एक्सेलमध्ये भरतो: गाव, साल, बाप, आजा, पान क्रमांक. पैसे देणाऱ्याची एकच ओळ असली तरी अख्खं पान भरतो. मूळ दप्तर सरकारी, त्यामुळे यादी गावाला द्यायला आडकाठी नाही. जिथं वाचनालय चालू आहे तिथं छापून देतो.

तुम्ही मोडी पान वाचून घेतलं असेल, तर उताऱ्याची एक झेरॉक्स, वर पान क्रमांक घालून, आपल्या गावच्या वाचनालयात द्या. ज्यांच्याशी बोलाचाली नाही, त्यांनाही ती वाचू द्या.