लेखणीचा शेजारधर्म

आमच्या शाळेत वार्षिकाखेरीज एक हस्तलिखित अंकही निघतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याच्या संपादनाचे काम आमच्याकडे असता काही वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला. एका विद्यार्थ्याने गंगाखेड येथील गोदावरीच्या पुरावर एक निबंध आणून दिला. निबंध उत्तम होता. आम्ही तो मोठ्या कौतुकाने पहिल्या पानावर घेतला. दोन महिने लोटले नाहीत तोच जिल्ह्यातील दुसऱ्या एका शाळेच्या अंकाच्या विद्यार्थी-संपादकाचे पत्र आले. पत्र चार ओळींचे व अत्यंत विनयाचे होते. तो निबंध त्यांच्या शाळेतील सातवीच्या एका मुलीने लिहिलेला असून त्यांच्या अंकात आधीच आला होता. आपणांस हे ठाऊक नसावे म्हणून कळवितो, इतकेच त्यात होते.

खरे सांगावयाचे तर आमच्या मनात प्रथम जो विचार आला तो काही भूषणावह नव्हता. हस्तलिखित अंक तो काय, त्याची प्रत एक, वाचणारे मूठभर. उत्तर न दिले तर कोणाचे काय बिघडते, असे आम्हांस वाटले. आठ दिवस ते पत्र टेबलावर तसेच पडून राहिले. त्या आठ दिवसांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली: जो लिहितो तो कधीच एकटा लिहीत नाही. त्याच्या शेजारी दुसरे लिहिणारे असतात, आणि शेजार म्हटला की शेजारधर्म आलाच. तो धर्म कोणता, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही करावा, यासाठी हा लेखप्रपंच आहे.

मराठी वृत्तपत्राचा आरंभ 'दर्पण' पत्राने झाला. ते ता. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईस बाळशास्त्री जांभेकर यांनी काढले. त्यात एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असे. त्या कामी त्यांस साहाय्य करणाऱ्यांत गोविंद विठ्ठल कुंटे हे होते. लोक त्यांस भाऊ महाजन म्हणत. 1840 साली 'दर्पण' बंद पडले, व पुढच्याच वर्षी भाऊंनी आपले स्वतःचे 'प्रभाकर' पत्र सुरू केले. दुसऱ्याच्या पत्रात काम करून शिकावे, मग आपले पत्र काढावे, आणि आपल्या पत्रात तिसऱ्यास जागा द्यावी, अशी ही परंपरा आहे. 'प्रभाकरा'तच 1848 पासून गोपाळ हरी देशमुख यांनी 'लोकहितवादी' या नावाने आपली प्रसिद्ध शतपत्रे लिहिली. त्या पत्रांत स्वकीयांच्या दोषांवर असे कोरडे ओढलेले होते की ती छापणे हे धैर्याचे काम होते. शतपत्रांचा गौरव करताना आपण लेखकाचे नाव घेतो. परंतु ज्याने ती छापली त्या संपादकाचे स्मरण थोड्यांसच असते. लेखक आणि संपादक यांचे नाते हे असे आहे. एकाने लिहावयाचे, दुसऱ्याने त्याच्या पाठीशी उभे राहावयाचे.

आता एका संपादकाचे दुसऱ्या संपादकाशी नाते कसे जुळते ते पाहू. यात गूढ असे काही नाही. जुन्या काळापासून एका पत्राचा चालक आपला अंक दुसऱ्यास पाठवी, व त्याचा अंक स्वीकारी. नवे पुस्तक वा मासिक हाती आले की 'साभार पोच' या मथळ्याखाली त्याची नोंद होई. दुसऱ्याचा मजकूर उपयोगी वाटला तर तो घ्यावा, पण खाली मूळ पत्राचे नाव द्यावे. या तीन गोष्टी दिसावयास लहान आहेत. तथापि त्यांचा अर्थ मोठा आहे. अंक पाठविणे म्हणजे 'तुमचे मत आम्हांस हवे आहे' असे म्हणणे. पोच देणे म्हणजे 'तुमचे श्रम आम्ही पाहिले' असे म्हणणे. आणि नाव देणे म्हणजे 'ज्याचे त्यास' हा न्याय पाळणे. कोणी म्हणेल की हा निव्वळ शिष्टाचार होय. आमच्या मते हा व्यवहार आहे, आणि चोख व्यवहारावरच पुढे स्नेह उभा राहतो. स्वतःच्या कामाची स्तुती व्हावी म्हणून दुसऱ्याची खोटी स्तुती करणे हा मात्र शेजारधर्म नव्हे. ती देवाणघेवाण फार दिवस टिकत नाही.

मतभेद असता काय करावे, हा यापुढचा व अधिक कठीण प्रश्न आहे. 1881 साली पुण्यास 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. त्यांच्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी आपल्या 'निबंधमाले'त जोतीराव फुले यांच्या लिखाणावर फार कडक टीका केलेली होती. पुढे कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावर या पत्रांनी आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारावर ते केले होते ती बनावट ठरली, आणि 1882 साली टिळक व आगरकर यांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. त्या वेळी जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. ज्यांच्या गोटातून आपल्यावर कठोर टीका झाली त्यांच्याच संकटात जोतीराव धावून गेले. टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. या एका प्रसंगात लिहिणाऱ्यांस दोन धडे आहेत. पहिला हा की, हाती आलेला कागद पारखल्याखेरीज छापू नये; आमचा निबंधाचा प्रसंग त्याच जातीचा होता. दुसरा हा की, मताचा विरोध कितीही तीव्र असो, लिहिणारा संकटात सापडला तर त्यास हात द्यावा.

त्याच टिळक-आगरकरांची पुढची कथा अधिक करुण आहे. एका तुरुंगात राहिलेले हे दोघे मित्र सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर एकमेकांपासून दुरावले. आगरकरांनी 1887 साली 'केसरी' सोडला व 1888 साली 'सुधारक' काढला; त्याचा इंग्रजी भाग आरंभी गोपाळ कृष्ण गोखले पाहत. मग या दोन पत्रांत जे वाग्युद्ध झाले त्यात मुद्द्यांबरोबर माणसेही घायाळ झाली. ता. 17 जून 1895 रोजी आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारले, आणि 'केसरी'त त्यांचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला. मृत्युलेख कितीही उत्तम असला तरी तो ज्याच्याविषयी असतो त्यास वाचावयास मिळत नाही. म्हणून जो चांगला शब्द दुसऱ्याविषयी मनात असेल तो त्याच्या हयातीत लिहावा, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस आग्रहाने सांगतो.

लिहिणाऱ्यांनी एकत्र यावे या हेतूने न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांनी पुढाकार घेऊन 1878 साली पुण्यास ग्रंथकारांची सभा भरविली. आजच्या मराठी साहित्य संमेलनाचा उगम तोच. दुसरी सभा 1885 साली भरली. तिचे निमंत्रण जोतीरावांस गेले असता त्यांनी ते नाकारले. ज्या सभांत शूद्रातिशूद्रांचे हक्क मान्य होत नाहीत त्यांच्याशी आमचा मेळ कसा बसावा, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. ते पत्र त्याच वर्षी 'ज्ञानोदया'त छापले गेले. अहमदनगरास 1842 साली अमेरिकन मिशनने सुरू केलेले हे पत्र होय. जोतीरावांच्या त्या नकारात फार मोठा बोध आहे. लेखकांचा स्नेह म्हणजे आपल्यासारख्याच दहा माणसांनी एकमेकांस ओवाळणे नव्हे. शेजार मोजताना दाराबाहेर कोण उभा राहिला, हे पाहावे लागते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, व सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. मराठी छापखाना, मराठी मासिक, मराठी वाचक या गोष्टी पुण्या-मुंबईइतक्या सुलभ नव्हत्या. अशा काळात आ. कृ. वाघमारे यांनी 1938 साली 'मराठवाडा' साप्ताहिक काढले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते नाव बदलून पुनः निघाले. असे पत्र एकट्याच्या बळावर जगत नाही. मजकूर पाठविणारे, अंक पोहोचविणारे आणि आपल्या ओळखीने मदत करणारे स्नेही असावे लागतात. याच काळात सातोना गावी 1913 साली जन्मलेले भगवान रघुनाथ कुळकर्णी, म्हणजेच आपले बी. रघुनाथ, परभणीस बांधकाम खात्यात नोकरी करून कविता, कथा व कादंबऱ्या लिहीत होते. 1953 साली, वयाच्या चाळिशीतच, त्यांचे निधन झाले. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या लेखकास टपालाने येणारे एक प्रामाणिक पत्र किती मोलाचे वाटत असेल, याची कल्पना लहान गावी राहणाऱ्या आपणांस सहज करता येईल.

आणि पुढे 1995 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच परभणीस भरले. अध्यक्ष होते नारायण सुर्वे; मुंबईच्या एका गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले अनाथ मूल. 1885 च्या नकारापासून 1995 च्या त्या अध्यक्षपदापर्यंत 110 वर्षे गेली. दार उघडावयास वेळ लागला. परंतु ते जेव्हा असे उघडलेले दिसले तेव्हा आपले गाव त्या मंडपाचे यजमान होते, ही आपणांस अभिमानाची, आणि तितकीच जबाबदारीची, गोष्ट आहे.

सारांश, जो विद्यार्थी लिहू इच्छितो त्याने प्रथम दुसऱ्याचे लिखाण लक्षपूर्वक वाचावे. आवडले तर का आवडले हे दोन ओळींत कळवावे. नुसते 'छान' म्हणून थांबू नये. घेतले तर नाव सांगून घ्यावे. चूक दाखवावयाची तर आधी त्यास एकट्यास कळवावे. आलेल्या पत्रास उत्तर द्यावे, व ते उशिरा देऊ नये. काही मागण्यापूर्वी काही द्यावे. पालकांस आमची विनंती अशी की, मुलाच्या निबंधास बक्षीस मिळाले की नाही हे विचारण्यापूर्वी तो त्याचा स्वतःचा आहे का, हे प्रेमाने विचारावे.

त्या पत्राचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. नवव्या दिवशी आम्ही त्या मुलास बोलाविले. निबंध फार आवडला म्हणून उतरून घेतला, आणि आपण सर्वांनी वाखाणल्यावर खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही, असे त्याने रडत सांगितले. त्याने स्वतःच्या हाताने त्या मुलीस क्षमापत्र लिहिले. त्याखाली आमचेही पत्र जोडले, कारण न पारखता निबंध घेण्याची व आठ दिवस गप्प बसण्याची चूक आमची होती. पुढच्या अंकात पहिल्याच पानावर तिचे नाव व तिच्या शाळेचे नाव आले.

उत्तर म्हणून तिकडून त्यांचा नवा अंक आला, व सोबत मागणी आली की, आपल्या त्या विद्यार्थ्याने आम्हांस काही लिहून द्यावे, मात्र या खेपेस त्याचे स्वतःचे. त्याने मानवतच्या कापसाच्या बाजारावर लिहिले. निबंध पुराच्या निबंधाइतका सरस नव्हता. पण त्यातील प्रत्येक ओळ त्याची होती, आणि तो त्यांनी छापला. तेव्हापासून दोन्ही शाळांचे अंक एकमेकांकडे नियमाने जातात.