क्यू तीच, मेसेज वेगळा

एप्रिल २०२५मध्ये मॅसट्रान्झिट या मेसेजिंग फ्रेमवर्कची नववी आवृत्ती सशुल्क होणार असल्याची घोषणा झाली आणि डॉटनेटवाल्यांत एकच चर्चा सुरू झाली: आता जायचं कुठे? एनसर्व्हिसबस, रीबस की वुल्व्हरिन? या चर्चेत छातीठोकपणे सांगितलं जाणारं बरंचसं अर्धवट खरं असतं.

'जुनी आवृत्ती आता बाद' हे त्यातलंच. आठवी आवृत्ती अपाची २.० परवान्याखाली आहे आणि तशीच खुली राहते. २०२६ अखेरपर्यंत तिची देखभाल करू, असंही मॅसट्रान्झिटच्या कर्त्यांनी सांगितलं होतं. तेव्हा घाई नको. आणि पैसे वाचवायला एनसर्व्हिसबसकडे निघाला असाल, तर तेही सशुल्कच आहे! रीबस आणि वुल्व्हरिन मात्र एमआयटी परवान्याखाली मिळतात.

दुसरा समज जास्त महागात पडतो: 'रॅबिटएमक्यू तोच राहतोय ना? मग हँडलरचा इंटरफेस बदलला की झालं.' रॅबिटएमक्यूसारखा ब्रोकर फक्त बाइट्स पोचवतो, त्यांचा अर्थ फ्रेमवर्क लावतं. मॅसट्रान्झिटचा एखादा मेसेज रॅबिटएमक्यूच्या मॅनेजमेंट पानावर उघडून पाहा. समजा तुम्ही ऑर्डर पाठवली, तर ती 'मेसेज' नावाच्या एका फील्डच्या पोटात असते. भोवती मेसेजचा आयडी, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि नेमस्पेससकट क्लासचं नाव. एनसर्व्हिसबसच्या बॉडीत नुसती ऑर्डर असते, तिचा प्रकार हेडरमध्ये. एकाचं दुसऱ्याला आपोआप कळत नाही. वुल्व्हरिनमध्ये मॅसट्रान्झिटशी बोलण्याची सोय आहे, पण ती चालू करावी लागते.

इथेच आणखी एक खड्डा आहे. मॅसट्रान्झिटमध्ये नेमस्पेस हा मेसेजच्या ओळखीचाच भाग. स्थलांतराच्या ओघात कुणी पाठवणाऱ्या बाजूचे फोल्डर 'नीट लावले' आणि नेमस्पेस बदलली, की पब्लिश केलेला मेसेज नव्या नावाच्या एक्स्चेंजवर जातो. त्याला क्यूच जोडलेली नसते. मेसेज गुपचूप गळतो. कंपाइलर गप्प, टेस्ट हिरव्या, एरर क्यूही रिकामी.

'रिट्राय काय, सगळेच करतात.' करतात, पण किती? मॅसट्रान्झिटमध्ये तुम्ही सांगितलं नाही तर एकदाही नाही. हँडलर पडला की मेसेज थेट एरर क्यूत. एनसर्व्हिसबस मात्र न सांगता लगेच पाच वेळा पुन्हा प्रयत्न करतं, मग १०, २० आणि ३० सेकंद थांबून तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत पुन्हा सहा प्रयत्न. पहिला प्रयत्न धरून एकूण २४. आता असा हँडलर घ्या, जो आधी ग्राहकाला एसएमएस पाठवतो आणि मग डेटाबेसमध्ये नोंद करतो. नोंद दरवेळी फसली, तर जिथे एक एसएमएस जायचा तिथे २४ जातील. कोडची एक ओळही चुकलेली नसते. पायाखालची गृहीतकं बदललेली असतात. माझ्या मते स्थलांतराचं खरं काम हेच आहे आणि कामाच्या अंदाजपत्रकात ते सहसा नसतं.

असं दुबार काम टाळायला फ्रेमवर्कचा आउटबॉक्स आहे म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. कोणता मेसेज होऊन गेला याची वही प्रत्येक फ्रेमवर्क आपापली ठेवतं. जुन्याने काय हाताळलं, हे नव्याला ठाऊक नसतं. ऑर्डर क्रमांकावरून दुबार काम ओळखण्याची तजवीज आपल्याच कोडमध्ये हवी.

राहिला 'एका रात्रीत बदलू' हा उत्साह. अर्ध्या वाटेवर असलेल्या सागांची, म्हणजे अनेक मेसेजांत पसरलेल्या प्रक्रियांची, स्थिती जुन्या फ्रेमवर्कच्या साच्यात साठवलेली असते, शिवाय पुढच्या आठवड्यासाठी लावून ठेवलेले मेसेज असतातच. नव्या सागा नव्या फ्रेमवर्कमध्ये सुरू करा, जुन्या तिथेच संपू द्या. तोवर दोन्ही शेजारी चालतील, मात्र एकाच क्यूवर दोघांना बसवू नका. एकमेकांचे मेसेज उचलतील.

शेवटी एरर क्यूंकडेही पाहा: मॅसट्रान्झिट प्रत्येक क्यूसाठी स्वतंत्र एरर क्यू ठेवतं, एनसर्व्हिसबसमध्ये सहसा सगळ्यांची मिळून एकच असते. नवे अलार्म नव्या क्यूवर लागतात आणि जुन्या एरर क्यूंकडे कुणी फिरकत नाही. जुनं पॅकेज काढण्याआधी त्या एकेक उघडा आणि आतले मेसेज निकाली काढा.