मिडनाइट ऑइल : नाचवत जाब विचारणारे

1986 साली या ऑस्ट्रेलियन रॉक बँडने वारुंपी बँडला सोबत घेऊन वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांचा दौरा केला. त्यातून 1987 चा ‘डीझल अँड डस्ट’ अल्बम आला. त्यातलं ‘बेड्स आर बर्निंग’ म्हणजे पिंटुपी आदिवासींची जमीन परत करा, ही रोखठोक मागणी. तरीही अमेरिकेत ते 17 व्या क्रमांकावर गेलं. सुरुवातीलाच ब्रासचे तीन दणके बसतात आणि पाय ठेका धरतात. अर्थ मागाहून लागला तरी चालतो!

2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात बँडने हेच गाणं वाजवलं. अंगावर काळे कपडे, त्यांवर ठळक पांढरं ‘सॉरी’. आदिवासींची अधिकृत माफी मागायला नकार देणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड प्रेक्षकांत होते. भाषणाची गरजच उरली नाही.

गायक पीटर गॅरेट कायद्याचा पदवीधर. 1984 मध्ये अण्वस्त्रविरोधी पक्षातर्फे सिनेटची निवडणूक लढवून हरला. 2004 मध्ये मजूर पक्षाचा खासदार, 2007 मध्ये पर्यावरणमंत्री झाला. 2009 मध्ये त्यानेच एका युरेनियम खाणीला मंजुरी दिली, तेव्हा पर्यावरणवादी त्याच्यावर तुटून पडले.