तंजावरच्या भोसल्यांची तेलुगू ग्रंथरचना

तंजावर प्रांत तामिळ. तेथील राज्य इ. स. १६७६ च्या सुमारास भोसल्यांकडे आलें. तथापि दरबारांतील गेय नाट्याची प्रमुख भाषा तेलुगूच राहिली. कारण, विजयनगरच्या वतीनें तेथें आलेले पूर्वीचे नायक राजे तेलुगूभाषी होते, व त्यांनीं पोसलेली कविपरंपरा राज्यांतराबरोबर तुटली नाहीं.

व्यंकोजीपुत्र शहाजी (राज्यारोहण इ. स. १६८४) यांनीं 'पल्लकीसेवाप्रबंधमु' हें गेय नाट्य तेलुगूंत रचिलें. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकांत तर संस्कृत, तेलुगू, तामिळ, मराठी व हिंदी या पांचही भाषा योजिल्या आहेत.

यास्तव संग्राहकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, लिपि वाचतां येत नाहीं म्हणून तेलुगू पोथी परकी समजून बाजूस टाकूं नये. दक्षिणेंतील मराठ्यांचें वाङ्मय केवळ मोडी-बाळबोधींत सांपडणार नाहीं. पोथी हातीं येतांच तिची पुष्पिका जाणत्याकडून वाचवून घ्यावी. कर्त्याचें वा लेखनिकाचें नांव बहुधा तेथेंच असतें. तंजावरच्या सरस्वती महालांतील पोथ्यांचें जतन झालें आहे. घरोघरच्या पोथ्यांस तें भाग्य नाहीं, आणि कसर तर कोणासाठीं थांबत नाहीं.