उत्पादनाचे स्थलांतर आणि विस्थापित कामगार : शासकीय साहाय्याचे स्वरूप
(घाटकोपर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
मुंबईच्या पूर्व उपनगरांत, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत, लालबहादूर शास्त्री मार्गालगत स्वातंत्र्योत्तर काळात अभियांत्रिकी, रसायन व औषधनिर्मिती उद्योगांचा पट्टा विकसित झाला. घाटकोपर हे या पट्ट्यातील कामगारवस्तीचे एक प्रमुख केंद्र होय. डॉ. दत्ता सामंत यांचा दवाखाना येथील पंतनगरात होता व त्यांचे बहुसंख्य रुग्ण कामगार होते, ही बाब परिसराचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते. आज या मार्गावर अनेक ठिकाणी कारखान्यांच्या जागी मॉल व निवासी मनोरे उभे आहेत. जमिनीचे वाढते भाव, अन्य जिल्ह्यांत व राज्यांत मिळणाऱ्या सवलती आणि १९९१ नंतरची आयातस्पर्धा ही त्यामागील कारणे होत. काम गेलेल्या कामगारास शासनाकडून नेमके काय मिळते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परदेशातील व्यवस्था :
अमेरिकेत १९६२ च्या कायद्याने व्यापार समायोजन साहाय्याची योजना सुरू झाली. आयातीमुळे किंवा उत्पादन परदेशी गेल्यामुळे रोजगार गमावलेल्यांना प्रशिक्षण व निर्वाहभत्ता देणे हा तिचा हेतू होता; तथापि जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर करण्याचा अधिकार संपुष्टात आला. युरोपीय संघात २००७ पासून याच स्वरूपाचा जागतिकीकरण समायोजन निधी आहे. भारतात अशी स्वतंत्र योजना नाही. काम कोठे गेले, हे येथील कायदा विचारत नाही. कामगाराची सेवा कोणत्या प्रकारे संपली, एवढेच तो पाहतो. हा भेद मूलभूत आहे.

भारतातील तरतुदी :
१) नुकसानभरपाई : औद्योगिक विवाद कायदा, १९४७ अन्वये कपात झालेल्या कामगारास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देय होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हे प्रमाण कायम आहे. मात्र आस्थापना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याची अट, जी पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यास लागू होती, ती आता ३०० कामगारांपासून लागू होते.

२) पुनर्कौशल्य निधी : याच संहितेनुसार मालकाने कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी १५ दिवसांचे वेतन या निधीत भरावयाचे असून ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. परंतु मालकाचे हे अंशदान केवळ कपातीपुरते आहे. संपूर्ण कारखाना बंद झाल्यास ते लागू होत नाही.

३) बेरोजगारी भत्ता : कर्मचारी राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ रोजी सुरू झाली. कपात वा कारखानाबंदीमुळे काम गेलेल्या विमाधारकास प्रारंभी सहा महिने भत्ता मिळे. पुढे ही मुदत २४ महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली : पहिल्या वर्षी वेतनाच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के. या काळात कुटुंबास वैद्यकीय सेवाही मिळते.

४) गिरणी कामगारांसाठी योजना : १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील गिरण्यांची घसरण वेगाने झाली. १९८६ च्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजनेत तीन वर्षे अनुक्रमे वेतनाच्या ७५, ५० व २५ टक्के साहाय्याची तरतूद होती. गिरणी कायमची बंद झालेली असणे ही त्यासाठी अट होती. त्यामुळे नुसत्याच थंडावलेल्या गिरणीतील कामगारास तिचा उपयोग नव्हता.

तरतुदींच्या मर्यादा :
सर्वांत गंभीर उणीव स्वेच्छानिवृत्तीची आहे. कारखाना हलविताना व्यवस्थापन कपातीऐवजी बहुधा स्वेच्छानिवृत्ती योजना मांडते. एकरकमी रक्कम भरपाईपेक्षा मोठी दिसते आणि कामगार राजीनाम्यावर सही करतो. परंतु स्वेच्छेने सेवा सोडणारा बेरोजगारी भत्त्यास पात्र ठरत नाही. म्हणजेच परिस्थितीने लादलेला निर्णय कागदावर 'स्वेच्छेचा' ठरतो व दोन वर्षांचा आधार त्या एका सहीने जातो. दुसरी मर्यादा वेतनाची होय. १ जानेवारी २०१७ पासून विम्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरली. त्याहून अधिक वेतनाचा जुना, कुशल कामगार सामान्यतः योजनेबाहेर राहतो. तिसरी मर्यादा कंत्राटी कामगाराची. ज्याचे अंशदान नियमित भरले गेले नाही, त्याच्यापाशी पात्रतेचा पुरावाच नसतो.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. जनरल मोटर्सने तळेगाव येथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबविले. कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. कामगारांच्या रोजगाराचा वाद मात्र त्यानंतरही चालू राहिला. यंत्रास नवा मालक मिळतो, तसा कामगारास आपोआप मिळत नाही.

निष्कर्ष :
साहाय्याच्या तरतुदी आहेत, परंतु त्या विखुरलेल्या असून सेवासमाप्तीच्या तांत्रिक प्रकारावर अवलंबून आहेत. स्थलांतरामुळे दिलेल्या स्वेच्छानिवृत्तीस कपातीसमान मानणे आणि पुनर्कौशल्य निधी कारखानाबंदीसही लागू करणे, या दोन सुधारणा आवश्यक वाटतात. उपनगरांतील महाविद्यालयांत अशा कुटुंबांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. राष्ट्रीय सेवा योजना व अर्थशास्त्र विभागांनी सहीपूर्वी उपयोगी पडेल असे माहिती केंद्र चालविल्यास या ज्ञानाचा लाभ प्रत्यक्ष गरजूंपर्यंत पोहोचू शकेल.