उभ्या मोटारीला दिशा कशी कळते?

घोडबंदराहून ठाण्यास जातांना गायमुखचा घाट लागतो. घाट लांबलचक नव्हे. परंतु जड मालमोटारींची रांग तेथें इतकी सावकाश सरकते कीं, दुचाकीस्वाराला भर चढावर पुनःपुन्हा थांबून पुनःपुन्हा निघावें लागतें. या रांगेंत विजेवरच्या स्कूटरी आतां बऱ्याच दिसतात. त्यांपैकीं एखादी निघतांना थरथरते, किंचित् मागें घसरते आणि मग पुढें जाते. पाठीशीं दहा चाकांची गाडी उभी असतां हें "किंचित्" फारसें किंचित् राहत नाहीं. म्हणून या थरथरण्याचें कारण घरोघर ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

जुन्या पद्धतीच्या मोटारींत फिरत्या भागावर तारेचीं वेटोळीं असतात व कोळशाचे ब्रश त्यांस घासून प्रवाह पोंचवितात. योग्य क्षणीं योग्य वेटोळ्याला प्रवाह देणें हें काम त्या घासण्यांतच आपोआप साधतें. ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, हा त्या पद्धतीचा दोष. ब्रशविरहित मोटारींत उलट व्यवस्था आहे : चुंबक फिरतो, वेटोळीं स्थिर राहतात, आणि कोणत्या वेटोळ्याला केव्हां प्रवाह द्यावयाचा हें कंट्रोलर नांवाची इलेक्ट्रॉनिक पेटी ठरविते. परंतु त्यासाठीं चुंबक या क्षणीं कोठें आहे हें तिला समजावयास हवें. मोटार फिरत असली म्हणजे रिकाम्या वेटोळ्यांत चुंबकामुळें विजेचा दाब उत्पन्न होतो, त्यावरून पेटी अंदाज बांधते. मोटार उभी असतां हा दाब शून्य. म्हणजे ज्या क्षणीं दृष्टीची सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणीं ही मोटार आंधळी!

छताच्या पंख्याला हें अंधत्व बाधत नाहीं. आय. आय. टी. मुंबईच्या तरुणांनीं २०१२ सालीं स्थापिलेल्या ॲटमबर्ग कंपनीनें २८ वॅटांचे ब्रशविरहित पंखे घरोघर नेले. साध्या पंख्याला ७० ते ८० वॅट लागतात. अशा पंख्यांच्या मोटारींत पुष्कळदां एक युक्ति योजितात. प्रथम एका ठराविक वेटोळ्यांत प्रवाह सोडून चुंबकाला ओढून एका जागीं आणावयाचें, मग अंदाजानेंच हळूहळू फिरवावयाचें, आणि पुरेसा वेग आल्यावर दाब पाहून पुढचा कारभार करावयाचा. आरंभीं पंखा थोडा उलट फिरला तरी तो बिघाड नव्हे. उलट फिरल्यानें त्याचें कांहीं जात नाहीं.

चढावरच्या स्कूटरला मात्र ही चैन परवडत नाहीं. म्हणून तिच्या मोटारींत चुंबकाची जागा सांगणारे सेन्सर बसवितात. एक सर्रास पद्धत तीन हॉल सेन्सरांची. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं शोधलेल्या तत्त्वावर ते चालतात, आणि मोटार उभी असतांही बोलतात. प्रत्येक सेन्सर "आहे" किंवा "नाहीं" एवढेंच सांगतो. ज्यांनीं शाळेंत वृत्तें घोकलीं त्यांना पुढील भाग शिकविण्याची गरजच नाहीं. "आहे" म्हणजे गुरु, "नाहीं" म्हणजे लघु असें मानलें कीं तीन सेन्सरांचे आठ गण होतात, आणि मोटार फिरूं लागली म्हणजे ते र, भ, त, ज, य, स या क्रमानें येऊन पुन्हा र येतो. दर पावलाला एकच अक्षर बदलतें. मगण आणि नगण, म्हणजे सर्व गुरु व सर्व लघु, हे निरोगी मोटारींत कधींच येत नाहींत. मंदाक्रांतेंत दोघांनाही स्थान आहे. येथें दोघांनाही मज्जाव! ते दिसले कीं कंट्रोलर समजतो कीं कोठें तरी तार तुटली आहे.

सहा गणांनीं जागा नेमकी कळत नाहीं, साठ अंशांचा पट्टा तेवढा कळतो. परंतु निघण्यास तेवढें पुरतें; पट्ट्यांत चुंबक कोठेंही असला तरी जोर कमाल जोराच्या सुमारें ८७ टक्क्यांखालीं उतरत नाहीं.

घोडबंदरास राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याची स्कूटर पावसाळ्यानंतर हट्टी झाली. कधीं निमूट निघे, कधीं जागची हलेना. पायानें वीतभर ढकलली कीं पुन्हा चाले, पण हिसके देत. एका कारागिरानें मोटारच बदलावयास सांगितली, आणि तिची किंमत ऐकून घरांत दोन दिवस अबोला झाला. दुसऱ्यानें जोड उघडून पाहिला, तों मधल्या सेन्सरची तार खाडीच्या खाऱ्या दमट हवेनें गंजलेली. मधलें अक्षर कायमचें लघु झालें होतें! त्यामुळें तगणाचा भगण, यगणाचा सगण वाचला जाई, व भलत्याच वेटोळ्यांत प्रवाह जाई; आणि जगणावर चाक थांबलें असलें तर नगण दिसून कंट्रोलर हात आंखडून बसे. तार बदलली आणि काम झालें.

आणखी एक गोष्ट तरुण मंडळींस सांगावीशी वाटते. चढावर थांबलें असतां गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरूं नये. मोटार फिरतांना चुंबकाचा उलट दाब प्रवाहाला आवर घालतो. उभ्या मोटारींत तो आवर नसतो, आणि सगळा प्रवाह त्याच त्या वेटोळ्यांतून व त्याच त्या स्विचांतून वाहून तीं तापतात. कंट्रोलर मर्यादा घालतो खरा, पण ब्रेक असतां हा ताप कशाला? मात्र पुष्कळ स्कूटरींत ब्रेक दाबलेला असतां मोटारीचा प्रवाह तुटतो. ब्रेक सोडणें आणि जोर येणें यांमधला निमिष तेवढा सांभाळावयाचा असतो. चाक मागें गेलें तर सेन्सरांचे गण उलट क्रमानें येतात, रनंतर भ न येतां स येतो, आणि तेवढ्यावरून कंट्रोलरला घसरण ओळखतां येते. कांहीं नव्या गाड्यांत चढावर चाक रोखून धरण्याची सोयही केलेली आहे.

तेव्हां गाडी घेतांना रंग आणि वेग यांची चौकशी झाल्यावर, दोन माणसें बसवून ती चढावर उभ्या स्थितींतून कशी निघते हें प्रत्यक्ष पाहूं देण्याचा आग्रह दुकानदाराकडे धरावा. गायमुखचा चढ त्या कामीं सोयीचा आहे. मात्र मालमोटारींची रांग नसेल अशी वेळ पाहून.